पत्र्याच्या घरात हिवाळा कसा काढावा

पहाटे साडेचारच्या सुमारास कपाळावर टपकन थेंब पडतो. जानेवारीत पाऊस कुठला? पत्र्याला घाम सुटलेला असतो. रात्रभर घरातल्या माणसांनी सोडलेला श्वास, भाताची वाफ, मोरीतला ओलावा, सगळं वर जाऊन गार पत्र्याला लागतं, त्याचं पाणी होतं आणि पन्हाळीपन्हाळीतून घरंगळत एखाद्या खिळ्यापाशी येऊन टपकतं. पत्र्याच्या घरात ज्यांनी हिवाळा काढलाय त्यांना हा थेंब ओळखीचा असेल.

मी निफाड तालुक्यातली. गोदाकाठच्या या गावात लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं होत आली. आमच्याकडची थंडी दरवर्षी पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे सकाळी उठून सगळा तालुका विचारतो, कारण द्राक्षबागांचं सगळं त्यावर अवलंबून. २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथं १.८ अंशांची नोंद झाली होती. त्या रात्री बागांमध्ये जागोजाग शेकोट्या पेटवल्या, पहाटे पाणी सोडलं, मणी तडकू नयेत म्हणून जे जे करतात ते सगळं लोकांनी केलं. बागेसाठी आम्ही रात्र जागवतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र एक गोधडी जास्तीची दिली की झालं, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते.

मग आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तो सगळा हिवाळा त्या अंथरुणावर होत्या. हालचाल नाही म्हणजे अंगात ऊब नाही. रात्री हात धरला की बर्फ. यांनी तालुक्याहून हीटर आणला, दोन हजार वॉटचा.

हीटरचा हिशोब सगळ्यांनी एकदा कागदावर मांडून बघावा. दोन हजार वॉट म्हणजे तासाला दोन युनिट. रात्री दहा ते चार चालला तर बारा युनिट. महिन्याला तीनशे साठ. आमचं एरवीचं बिल नव्वद युनिटांच्या आत असायचं. आणि दर काही सरसकट नसतो, टप्प्याटप्प्यानं चढतो: शंभरपर्यंत एक, शंभर ते तीनशे दुसरा, तीनशेच्या पुढं तिसरा. माझ्या बिलावर पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात जवळजवळ तिपटीचं अंतर होतं. ते बिल आलं तेव्हा हे बराच वेळ नुसते हातात धरून बसले होते.

बिल एकवेळ भरलं असतं. पण खोली तापतच नव्हती, हे माझं खरं दुःख. हीटर चालू असेतो त्याच्यासमोरची बाजू भाजायची, बंद केला की पंधरा मिनिटांत पुन्हा गारठा. आत्याबाई म्हणाल्या, “आम्ही पाचटाच्या छपरात राह्यलो, पण एवढं काकडलो नाही कधी.” मला आधी वाटलं, म्हातारपणी सगळ्यांनाच जुनं चांगलं वाटतं. नंतर एका रात्री स्टुलावर चढून पत्र्याला हात लावला आणि कळलं की त्या अगदी बरोबर बोलत होत्या.

थंडी वरून उतरते

ढगाळ रात्री थंडी कमी असते, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. आभाळ निरभ्र असलं की जमीन, पानं, पत्रा, सगळं आपापली ऊब वर आभाळाकडे सोडून देतं. जमीन जाड, तिच्यात दिवसाचं ऊन मुरलेलं असतं. पत्रा पातळ, त्याच्यात साठवलेलं काहीच नाही. म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. अंगणात लावलेल्या मोटरसायकलची टाकी सकाळी दवानं भिजलेली असते ती यामुळेच. असा बर्फासारखा पत्रा डोक्यावर असला की खोलीतली ऊब वर जाते, तिथं गार होते आणि गारवा खाली उतरतो. हीटर लावून आम्ही खरं तर आभाळ तापवत होतो.

छपराच्या पाचटात हवा अडकून राहायची. धाब्याच्या घरावर हातभर माती असायची. कौलांखाली निदान फळ्या किंवा कामट्या असायच्या. पत्रा आला, गळती थांबली, दरवर्षी शाकारायचं कष्ट वाचलं. पण पत्र्याखाली काही घालायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तेव्हा पैसे थोडे असतील तर ते आधी छतावर घाला. स्वेटर, हीटर, रजई हे सगळं त्यानंतर.

आम्ही पहिल्यांदा थर्माकोलचे तक्ते आणून चिकटवले. महिन्याभरात निम्मे खाली पडले, उरलेल्यांत उंदरांनी बिळं केली. थर्माकोल पेटतोही लवकर. माझं मत, त्याच्या वाटेला जाऊ नका. मग कापडाचं छत बांधलं. ते आजही आहे.

आमची आतली खोली दहा बाय बारा फुटांची. त्याला जुन्या सुती साड्या लागतात. साडी साडेपाच मीटरची असते; तिचा बारा फुटांपेक्षा वीतभर जास्तीचा तुकडा कापायचा. असे तीन तुकडे काठाला काठ लावून शिवले की दहा फूट रुंदी भरते, म्हणजे एका थराला तीन साड्या. दुसऱ्या थराला आणखी दोनच पुरतात, तिसरी पट्टी उरलेल्या तुकड्यांची निघते. पॉलिस्टरच्या साड्या घेऊ नका. विस्तव लागला तर त्या वितळून अंगावर गळतात.

आधार म्हणून बागेची जुनी तार वापरली. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांच्या बांधावर तिची वेटोळी पडलेलीच असतात. दोन्ही भिंतींना हूक ठोकून दीड-दीड फुटावर तारा ओढल्या, पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून आणि पत्र्याला जसा उतार आहे तसाच उतार ठेवून. तारांवर कापड, कापडावर बारदान. गव्हाची रिकामी सोळा बारदानं लागली. झटकून, दोन दिवस कडक उन्हात टाकून मगच वर घातली, नाहीतर पोरकिडे घरात येतात.

पहिल्या वर्षी इथं माझं चुकलं. बारदानं तशीच उघडी ठेवली. वरून पत्र्याचे थेंब, खालून आमच्या श्वासाचा ओलावा, आणि संक्रांतीपर्यंत सगळी बारदानं ओली होऊन खोलीला कुबट वास यायला लागला. एक खाली ओढून बघितलं तर त्यावर काळी बुरशी. दुसऱ्या वर्षी बारदानाचा थर प्लॅस्टिकच्या कागदात पुडीसारखा गुंडाळला: कागद खालीही, वरही, कडा दुमडून आत. आता खालची वाफ आत शिरत नाही आणि वरचा थेंब कागदावरून उतारानं घरंगळत जातो. उताराच्या टोकाला वरचा कागद भिंतीवरून बाहेर वळचणीला काढलाय. पहाटे बाहेर उभं राहिलं तर तिथून थेंब थेंब पाणी पडताना दिसतं. पूर्वी ते आमच्या कपाळावर पडायचं.

हे छत चुलीच्या खोलीत बांधायचं नाही, कितीही थंडी असली तरी. ज्या खोलीत बांधाल तिथली पत्र्यालगतची लोंबती वायर आधी पाइपात घालून घ्या आणि बल्ब छतापासून निदान हातभर खाली असू द्या. महिन्यातून एकदा काठीनं खालून ढोसून बघा, उंदीर असेल तर लगेच कळतं.

बागेसाठी आणलेला थर्मामीटर मी काही दिवस या खोलीत टांगला होता. छत नव्हतं तेव्हा पहाटे पाचला बाहेर सहा आणि आत नऊ अंश असायचं. छत बांधून, फटी बुजवून झाल्यावर बाहेर सहाच, आत चौदा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की घरात निदान अठरा अंश असावेत. तिथपर्यंत आमचं घर जात नाही. उरलेलं काम अंथरूण करतं. पण नऊ आणि चौदा यात फार फरक आहे. नऊ अंशांत नाकाचा शेंडा दुखतो, झोप तुटते. चौदा अंशांत आत्याबाई सहापर्यंत एका कुशीवर झोपायला लागल्या.

वारा कुठून येतो ते आधी शोधा

उदबत्ती पेटवा आणि संध्याकाळी वारा सुटला की भिंतीच्या कडेकडेनं फिरवा. जिथं धूर आडवा पळतो तिथं फट. आमच्याकडे सगळ्यात जास्त वारा वळचणीतून यायचा. पत्रा नागमोडी आणि भिंत सरळ, त्यामुळे प्रत्येक पन्हाळीखाली मुठीएवढं भोक राहतं. एका भिंतीला अशी अठरा भोकं मी मोजली. जुन्या कपड्यांचे घट्ट बोळे करून त्यात ठासले आणि बाहेरून माती-भुसकटाचा गिलावा दिला. सिमेंटचा दिला तर जास्त टिकेल, पण पुढं पत्रा बदलायचा झाला तर फोडावा लागेल.

दाराखालच्या फटीला चिंध्यांचा लोड शिवा आणि त्यात वाळू भरा. भुसा भरला तर हलका होतो, मांजर ओढून नेतं. खिडकीला काच असली तरी आतून एक जाड पडदा हवाच. आमच्याकडे बारदान आणि जुनी चादर एकत्र शिवून केलाय. उत्तरेकडची खिडकी मी दिवाळीनंतर प्लॅस्टिक लावून बंदच करते.

एक झरोका मात्र मुठीएवढा उघडा ठेवायचाच. माणसाला श्वासाला हवा लागते, आणि सगळं लिंपून टाकलं की भिंतींना ओल धरते.

खालून किती घालता?

थंडी वाजली की आपण अंगावर चढवत जातो. एक गोधडी, दोन, तीन, वर घोंगडी. आणि खाली? खाटेवर एक पातळ सतरंजी. पाठीखालून सगळी ऊब निघून जाते. खाटेला तर खाली मोकळी हवा खेळते, आणि अंगाच्या वजनानं अंथरूण दबलं की त्यात हवा राहत नाही. म्हणून माझा नियम, अंगावर जेवढं, पाठीखाली त्यापेक्षा एक थर जास्त.

आत्याबाईंच्या खाटेवर मी असं घालते. नवारीवर आधी वर्तमानपत्रं, आठ-दहा पानांची जाडी, एकावर एक सरकवून. त्यावर दुहेरी बारदान. त्यावर कापसाची गादी, त्यावर गोधडी, वर चादर. जमिनीवर झोपणाऱ्यांनी कोब्यावर आधी प्लॅस्टिक टाकावं, नाहीतर कोब्याची ओल गादीला लागते, मग बारदान, मग बाकीचं. खाट भिंतीपासून वीतभर लांब ओढा. बाहेरची भिंत पत्र्याइतकी नाही तरी गारच असते, आणि झोपेत माणूस तिला जाऊन चिकटतं. जागाच नसेल तर त्या भिंतीला एक वाकळ टांगा.

आता गोधडीबद्दल. मी हिवाळ्यात तालुक्यातल्या बायकांना गोधड्या शिवून देते, तेव्हा यात माझे दोन शब्द ऐका. जड गोधडी उबदार असते ही समजूत चुकीची आहे. ऊब कापडात नसते, कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. दहा-बारा साड्यांची गच्च शिवलेली गोधडी म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर दगडासारखी पडते, कूस बदलताना ओढवत नाही, आणि ते उघडं राहतं. पाच थरांच्या दोन गोधड्या एकावर एक घेतल्या तर वजन तेवढंच, पण मध्ये हवेचा थर मिळतो.

वरचा आणि खालचा थर मऊ झालेल्या सुती लुगड्याचा, आत धोतरं, जुने सदरे, जे असेल ते. फक्त शिवणी उसवून सपाट करून. जमिनीवर पसरून चारी बाजूंनी दगड ठेवायचे आणि कडेनं सुरुवात करून गोल गोल आत यायचं. मधून सुरू केलं की चुण्या पडतात. धावदोऱ्याचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. ओळी जवळजवळ घातल्या तर गोधडी दिसते छान, पण थर चेपून जातात. थंडीसाठी शिवत असाल तर अंतर जास्त ठेवा. माझ्या आईनं शिवलेली एक गोधडी माझ्याकडे आहे. तिच्या ओळी एकसारख्या नाहीत, एका कोपऱ्यात दोरा संपला म्हणून तिनं वेगळ्याच रंगाचा घेतलाय. चाळीस वर्षं झाली, अजून ऊब देते.

घोंगडी असेल तर ती सगळ्यात वर घ्यावी. लोकर अंगाला टोचते म्हणून लोक ती वापरायचं सोडतात. खाली मऊ गोधडी, वर घोंगडी अशी जोडी केली की टोचत नाही आणि वारा अडतो.

गोधड्या रोज उन्हात टाका, पण वेळ बघून. सकाळी नऊला टाकल्या तर दवाची ओल येते. अकरा ते तीन हे खरं ऊन. तीनला, अजून तापलेल्या असतानाच घडी घाला, घडीवर घडी रचा आणि चादरीत बांधून ठेवा. रात्री नऊला सोडलं तर मधली घडी अजून कोमट लागते. बाहेर तशाच राहू दिल्या तर सूर्य कलल्याबरोबर गार पडतात आणि दिवसभराचं ऊन वाया जातं.

रबरी पिशवी

हीटरच्या बदली आता आमच्याकडे गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या आहेत. दोन लिटर पाणी तापवायला पाव युनिटसुद्धा वीज लागत नाही; आम्ही तर चुलीच्या वायलावर ठेवतो, म्हणजे तेवढीही नाही. पाणी उकळतं भरू नका. उकळी आली की उतरवून दहा मिनिटं थांबा. पिशवी दोन तृतीयांश भरा, बाकीची हवा दाबून काढा, झाकण घट्ट लावा, उलटी करून बघा आणि टॉवेलात गुंडाळा. झोपायच्या अर्धा तास आधी एक पायथ्याशी, एक कमरेच्या जागी. माणूस झोपायला आलं की कमरेची काढून घ्या.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या पायाला पिशवी लावून ठेवू नका. त्यांच्या पायांना पुष्कळदा चटका कळत नाही, आणि सकाळी फोड दिसतो. आत्याबाईंना साखर आहे. त्यांचं अंथरूण मी तापवून देते, पिशवी बाहेर काढते आणि पायात लोकरीचे मोजे घालते. मोजे पाय गार पडायच्या आधी घालायचे, दिवेलागणीलाच. गार पडलेला पाय मोज्यात गारच राहतो.

शेगडी खोलीत नको

हे सगळ्यात महत्त्वाचं.

माझ्या धाकट्या जावेचं बाळंतपण डिसेंबरात झालं. बाळंतिणीला शेक द्यायची आपल्याकडे रीत आहे. संध्याकाळी घमेल्यात निखारे आणून खाटेखाली ठेवले. धूर नव्हता, लाल निखारे छान फुललेले. बाहेर वारा, म्हणून दार-खिडक्या लावल्या. खोली उबदार झाली, सगळ्यांना झोप लागली. पहाटे दीर पाणी प्यायला उठले आणि दोन पावलांवर कोसळले. पडल्याचा आवाज ऐकून मी धावले. दार ढकललं तर आत नुसती ऊब, वास कसलाच नाही. जाऊ डोकं धरून ओकत होती. बाळ इतकं गाढ झोपलेलं की हलवलं तरी रडेना. बाळाला उचलून मी अंगणात पळाले. उघड्या हवेत ते रडलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. दवाखान्यात नेलं, तिघंही वाचले.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आम्हाला वाटलं होतं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला झोपेतच नेतो. कोळसा, लाकूड, गवऱ्या, गॅसची शेगडी, पेट्रोलचा जनरेटर, बंद खोलीत यातलं काहीही धोक्याचं. एक खिडकी किलकिली ठेवली तरी भरवसा नाही. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, जागं राहून द्या आणि झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर न्या. राखेखालचे विझत आलेले निखारेसुद्धा आत ठेवू नका. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर थंडी बाधली असं म्हणत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

दिवसाचं वेळापत्रक

रात्रीची ऊब दिवसा साठवावी लागते. दहा वाजता मी दक्षिणेची आणि पश्चिमेची खिडकी उघडते, पडदे सारते, कोब्यावर ऊन पडू देते. दुपारी साडेतीनला कोब्यावर अनवाणी उभं राहिलं की कळतं त्यानं किती ऊन घेतलंय. चार-सव्वाचारला सगळं बंद. बहुतेक घरांत खिडक्या दिवे लावताना, सहा-साडेसहाला लावतात. तोपर्यंत घर गार होऊन गेलेलं असतं.

आत्याबाईंची आंघोळ दुपारी बाराला. पहाटेच्या आंघोळीचा त्यांचा हट्ट होता, देवाचं करायचं म्हणून. शेवटी देवपूजाच बारा वाजता करायचं ठरलं. आधी अंगणात उन्हात बसवून तिळाचं तेल चोळते, मग बंबातलं पाणी, आणि लगेच केस पुसून पुन्हा उन्हात.

जेवण सातच्या आत आणि गरम. आमच्याकडे थंडीत आठवड्यातून दोनदा हुलग्याचे शेंगोळे होतात. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून घालायची, घट्ट मळून करंगळीएवढ्या वळ्या वळून त्यांची कडी करायची. लसणाच्या फोडणीत पाणी उकळलं की एकेक सोडायची आणि चांगलं अर्धा तास शिजू द्यायचं. रस्सा दाट होतो. बाजरीची भाकरी कुस्करून त्यावर तो गरम रस्सा घेतला की कानाच्या पाळ्या तापतात. ज्यांना दात नाहीत त्यांना नुसता रस्सा वाटीत द्यावा.

शेतात रात्रीची लाईट असते तेव्हा गव्हाला पाणी भरायला जावंच लागतं. हे जातात तेव्हा गमबूट आणि पिशवीत कोरड्या मोज्यांची एक जोडी. परत आले की ओले कपडे दारातच उतरवायचे. ओल्या कापडानं अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर जाते. आणि थंडी घालवायला घोटभर दारू घेणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते: तिनं कातडी गरम लागते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. घेऊन शेतात गेलेला माणूस जास्त लवकर गारठतो.

हीटर अजून घरात आहे. फार कडाक्याच्या दिवशी अर्धा तास लावते, एक हजारावर, अंथरूण घालताना, दार लावून. भिंतीतल्या मोठ्या सॉकेटलाच, एक्सटेन्शनला नाही. पांघरुणापासून तीन फूट लांब आणि झोपायच्या आधी बंद. मागच्या जानेवारीचं आमचं बिल एकशे चार युनिटांचं आलं.

घरात म्हातारं माणूस असेल तर रात्री एकदा उठून गोधडीखाली हात घाला आणि पोटाला लावून बघा. हातपाय गार असणं वेगळं. पोट गार लागलं, कुडकुडणं थांबलंय, बोलणं जडावलंय, उठवलं तरी पुन्हा पेंगतंय, तर ती गाढ झोप नव्हे. कोरडं, उबदार पांघरूण गुंडाळा, डोकं झाका, जागं असेल आणि नीट गिळता येत असेल तर कोमट गोड पाणी पाजा आणि दवाखान्याची गाडी बोलवा. जोरजोरात हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका.

होळी झाली की लोक विचारतात, छत काढणार का? मी काढत नाही. मार्चपासून हाच पत्रा वरून आग ओकतो, आणि बारदानाचा थर तीही अडवतो. फक्त एका उन्हाच्या दिवशी साड्या उतरवून धुते, कागदाला कुठं चीर गेलीय का बघते, दोन-तीन बारदानं बदलते. साड्यांच्या कोपऱ्यांना मी लाल दोऱ्यानं खुणा घातल्यात, एक टाका म्हणजे दाराकडची बाजू, दोन टाके म्हणजे खिडकीकडची, म्हणजे परत बांधताना उलटसुलट होत नाही. तारा ढिल्या झाल्या असतील तर त्याच दिवशी हे पक्कडीनं पिळून घेतात, आणि संध्याकाळपर्यंत छत पुन्हा जागेवर असतं.